आधी 'मेश' उघड

पोरी, प्रबंधाला सिकलसेल घेतलास हे फार चांगलं केलंस. विदर्भात या आजारावर जितकं काम होईल तितकं हवंच आहे. आता संदर्भ शोधायला बसशील, तेव्हा पबमेडमध्ये सुचेल तो शब्द टाकून मोकळी होऊ नकोस. आधी 'मेश' उघड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही विषयशीर्षकांची सूची १९६० पासून चालू आहे, आणि दरवर्षी सुधारली जाते.

तिथे 'सिकल सेल डिसीज' टाकलंस की ती तुला 'अ‍ॅनिमिया, सिकल सेल' या शीर्षकावर नेईल. लेखकाने आजाराला कोणतंही नाव दिलेलं असो, स्पेलिंग ब्रिटिश असो की अमेरिकी, लेख याच शीर्षकाखाली येतो. आपली बरीच नियतकालिकं ब्रिटिश वळणाने लिहितात. अमेरिकी स्पेलिंग अवतरणचिन्हांत घालून शोधलंस, तर नेमके आपल्याकडचे लेख निसटतील.

आता नीट ऐक, इथेच बहुतेक मुलं फसतात. शीर्षक निवडलं की त्याच्या पोटातली शीर्षकंही आपोआप शोधली जातात. सिकलसेलच्या पोटात 'ट्रेट' आहे, म्हणजे वाहक. तुला फक्त रुग्ण हवेत की वाहकही, हे गाईडशी बोलून आधी ठरव. वाहक नको असतील, तर खालची शीर्षकं वगळायची चौकट तिथेच असते, तिच्यावर खूण कर. मात्र मग पोटातली बाकीची शीर्षकंही गळतील. त्यातली हवी ती पुन्हा जोडून घे. 'मुख्य विषय'वाल्या चौकटीला सुरुवातीला हातही लावू नकोस, कामाचे लेख गळतात.

पण नुसत्या मेशवर विसंबू नकोस. पबमेडमधल्या पुष्कळ नोंदींना शीर्षकं नसतातच, अगदी ताज्या लेखांना तर कधी कधी लागलेलीच नसतात. शिवाय २०२२ पासून शीर्षकं संगणकच लावतो, माणूस निवडक नोंदी तपासतो. म्हणून मेशच्या जोडीला तेच शब्द, दोन्ही स्पेलिंगांसह, लेखाच्या नावात आणि सारांशात शोध. दोन्हींच्या मध्ये 'ऑर' घाल. 'इंडिया' मेशमध्ये मिळेल, विदर्भ मिळणार नाही. गडचिरोली, नागपूर, चंद्रपूर ही नावं तुलाच टाकावी लागतील.

शोध झाला की 'सर्च डिटेल्स' उघडून यंत्राने खरोखर काय शोधलं ते वाच. तो मजकूर तारखेसह वहीत उतरवून ठेव. पद्धतीच्या प्रकरणात तो जसाच्या तसा लागेल.