सामना थांबवायचा कुणी?

पोरांनो, मंडळाचा कारभार हाती घेताना पावतीपुस्तकं, शिक्का, चटया, मोजायची टेप, सगळं तुम्ही मोजून घेतलंत. चांगलं केलंत. आता जे मोजून देता येत नाही, ते सांगतो.

कबड्डीचे सामने असोत, जत्रेतल्या कुस्त्या असोत, की पोरींचं उन्हाळी शिबिर, पत्रिका छापायला टाकायच्या आधी एक गोष्ट ठरवा. मध्येच थांबवायची वेळ आली तर थांबवणार कोण? नाव घेऊन सांगा. ‘आम्ही सगळे आहोत की’ हे उत्तर मला नको. त्या दिवशी अध्यक्ष पाहुण्यांच्या हारतुऱ्यांत असतो, सचिव बक्षिसांच्या पाकिटांत आणि पंचांचं लक्ष रेषेवर. तेवढ्यात काही विपरीत घडलं की जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. म्हणून एक माणूस असा नेमा, ज्याला त्या दिवशी दुसरं काहीही काम नाही. ना व्यासपीठावर खुर्ची, ना हातात माईक. त्यानं हात वर केला की खेळ थांबला पाहिजे, मग समोर आमदार बसलेले असोत की अंतिम सामन्याची शेवटची चढाई चालू असो. हे बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. लिहिलेलं नसलं की आयत्या वेळी त्या पोराची जीभ रेटत नाही.

आता आपल्या गावाचं बघा. कुंभारीची जत्रा पूर्वी गावापुरती आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांपुरती होती. 2006 मध्ये इथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली. मग रे नगर आलं. तीस हजार घरांचा तो प्रकल्प, आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. कामगारांची ही पोरंबाळं आता आपल्याच मैदानावर खेळायला आणि बघायला येणार, आणि यावीत. त्यांच्याइतकी खेळाची भूक मी दुसरीकडे बघितलेली नाही. पण मैदान तेच, फाटक तेच, आणि गर्दीचा तुमचा अंदाज मात्र तुमच्या वडिलांच्या वेळचा, असं चालणार नाही.

गर्दीचा घात मैदानात कमी आणि फाटकात जास्त होतो. बंगळुरूला 4 जून 2025 ला काय झालं ते तुम्ही मोबाइलवर बघितलंच आहे. आदल्या रात्री तिथला क्रिकेट संघ जिंकला, दुसऱ्याच दिवशी सोहळा ठेवला, आणि स्टेडियमच्या दारांशी चेंगरून अकरा जीव गेले. आत सामना नव्हता, भांडण नव्हतं. तयारीला वेळ नव्हता आणि लोक दारावर आले होते, एवढंच. म्हणून आत यायचं आणि बाहेर जायचं फाटक वेगळं ठेवा. ‘मोफत’, ‘फक्त पहिल्या शंभरांना’ असली घोषणा माईकवरून कुणालाही करू देऊ नका. बक्षीसवाटप झाल्यावर दोन गाणी लावा, म्हणजे लोक एकदम उठणार नाहीत. फाटकावर ठेवायचा तो माणूस अंगानं नव्हे, आवाजानं दांडगा हवा.

गॅलरीचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं सगळ्यांची नजर स्वस्ताईवर असते. 2021 च्या मार्चमध्ये तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनिअर कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवशीच प्रेक्षकांची गॅलरी कोसळली आणि शंभराहून जास्त लोक जखमी झाले. सामने राष्ट्रीय असले म्हणून बांधलेला सांगाडा त्यामुळे पक्का होत नाही. मंडपवाल्याला सांगून टाका की गॅलरी आदल्या दिवशी दुपारपर्यंत उभी पाहिजे. रात्री बांधलेली गॅलरी कुणी तपासत नाही. मग उजेडात खाली वाका आणि बघा. प्रत्येक पायाखाली फळी आहे का? आपली काळी माती वळवाच्या एका सरीत लोणी होते आणि बिनफळीचा पाय गपकन रुततो. तिरके आधार आहेत का? नुसत्या उभ्या-आडव्या पाइपांचा सांगाडा वजन पेलतो, पण लोक टाळ्या वाजवत एका लयीत हलायला लागले की तो कुशीवर पडतो. बांबू असतील तर गाठी हातानं ओढून बघा, पाइपांच्या जोडांचे नट पान्यानं बघा. मग दहा-बारा दांडगी पोरं वरच्या पायरीवर चढवून त्यांना डावी-उजवीकडे झुलायला लावा आणि तुम्ही खाली, जरा लांब, पायांकडे बघत उभे राहा. एक पाय जरी उचलला गेला तरी ती गॅलरी त्या दिवशी उघडायची नाही. लोकांना सतरंजीवर बसवा. मंडपवाला म्हणेल, ‘अण्णा, वीस वर्षं बांधतोय.’ त्याला चहा पाजा आणि आधार मारायला लावा.

विजेचंही तसंच. प्रकाशझोतातले सामने म्हटले की कुणीतरी शेजारच्या खांबावर आकडा टाकायला तयारच असतो. महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या किंवा जनरेटर आणा, आणि गळती झाली की प्रवाह तोडणारं यंत्र बसवून घ्या. लोखंडी खांबावरून उघडी वायर नको. मैदानावर पाणी मारणारा आणि वायर ओढणारा एकाच वेळी मैदानात नको.

दवाखान्याबाबत आपण भाग्यवान आहोत. सोलापूरच्या वाटेकडे डोळे लावून बसायची वेळ आपल्यावर येत नाही, अश्विनीचं रुग्णालय कुंभारीतच आहे. पण दवाखाना जवळ असल्याचा उपयोग गाडी मैदानात शिरली तरच. सामने सुरू झाल्यावर तासाभरानं फाटकाबाहेर जाऊन बघा, दुचाक्यांनी वाट बंद केलेली असते. जीप जाईल एवढी पट्टी चुन्यानं आखा आणि तिथं कोतवालासारखा एक जण उभा करा. 108 ची गाडी फुकट येते. तिला मैदानाचा पत्ता सांगता यावा म्हणून जवळची खूण आधीच कागदावर लिहून माईकजवळ चिकटवा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ताही सांगता येत नाही. खेळाडू धक्का न लागता कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा हुंगवत बसू नका. एकानं 108 लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली जाईल इतकं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही, म्हणून दर वर्षी डॉक्टरांना बोलावून सगळ्या कार्यकर्त्यांकडून हात लावून करून घ्या.

उन्हाचं तर आपल्याला सांगायला नको, असं प्रत्येक सोलापूरकराला वाटतं, आणि घात तिथंच होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तरी ‘आपल्याला सवय आहे’ म्हणत दुपारी दोनला पोरं पळवायची! खारघरच्या सोहळ्यात 16 एप्रिल 2023 ला लोक नुसते बसले होते, खेळत नव्हते, तरी उन्हानं चौदा जीव गेले. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत मैदानी खेळ ठेवूच नका. पाणी मागेल त्याला देऊ, असं नको. पंचांनी थांबून पाजायचं. पोरगं बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, अंग तापलं, तर ते थकलेलं नाही, त्याला ऊन बाधलंय. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. आधी गार करा, मग गाडीत घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वळीव आला की खेळ थांबवायला नेमलेला तो राखणदारच कामाला येतो. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, लोक पक्क्या इमारतीत, झाडाखाली किंवा मंडपाच्या लोखंडी खांबाशी कुणी नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. लोक ओरडतील, ओरडू द्या.

कुस्तीत वजन उतरवायचं खूळ आहे. उपाशी राहायचं, पाणी सोडायचं, स्वेटर घालून पळायचं. 1997 मध्ये अमेरिकेत असंच वजन मारताना कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांत गेले, तेव्हा तिथं नियम बदलले. आपण नियमाची वाट कशाला बघायची? वजन सामन्याच्या सकाळीच घ्या, म्हणजे रात्रभर वाळवून आलेल्या पोराला फायदा उरणार नाही. डोक्यावर आपटून क्षणभर जरी शुद्ध हरपली, तरी तो पैलवान त्या दिवशी पुन्हा मातीत उतरायचा नाही. वस्ताद भडकले तरी नाही.

पोरींच्या बाबतीत मी कडक आहे. विडी वळून घर चालवणारी आई आपली लेक तुमच्या भरवशावर पाठवते. प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो, बंद खोलीत, गाडीत, मुक्कामी तो एकटा एका मुलीबरोबर असता कामा नये. सोबत बाई पाहिजेच. दुखणं चोळायचं काम बाईनंच आणि दुसऱ्या कुणासमोर करायचं. एखाद्या मुलीनं काही सांगितलं, तर ‘मंडळाची बदनामी’ हा शब्द तोंडातून काढू नका. 2012 च्या पोक्सो कायद्यानं अठराखालच्या मुलांच्या लैंगिक छळाबाबत कळलेलं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. आपसांत मिटवायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही.

कागदाचं थोडक्यात. ग्रामपंचायत आणि पोलिसांची परवानगी लेखी घ्या, भोंगा रात्री दहाला बंद करा. खेळाडूकडून हमीपत्र जरूर घ्या, पण त्यानं तुमचा हलगर्जीपणा माफ होतो असं समजू नका. त्या कागदाचा खरा उपयोग रक्तगट, दम्याचं-फिटचं दुखणं आणि घरचा नंबर कळण्यासाठी. अपघात विमा खेळाडूंचा काढा, स्वयंसेवकांचाही काढा. दहीहंडीच्या गोविंदांना सरकारी विमा मिळायला लागला, त्यामागे किती घरांचं रडणं आहे ते आठवा. ढाली-चषकांतला एक मजला कमी करा, हप्त्याचे पैसे निघतात.

शेवटचं काम दुसऱ्या दिवशी सकाळचं. मंडप सोडायच्या आत सगळे मैदानात बसा आणि जे थोडक्यात निभावलं ते वहीत लिहा: कुठली फळी वाकली, फाटकावर कितीला रेटा आला, कोण चक्कर येऊन बसला, गाडी यायला किती मिनिटं लागली. कुणाला दोष द्यायला नव्हे, म्हणून नावं लिहू नका, वेळ आणि जागा लिहा. पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत वर्गणीचा विषय निघायच्या आधी ती पानं मोठ्यानं वाचा आणि राखणदार कोण, ते तिथंच ठरवा.