बर्फाच्या उतारावर चूक कोणाची?

प्रश्न : यंदा हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आलो. तिथे स्कीइंग करणारे कुठूनही, कसेही वळत खाली येत होते. ना लेन, ना सिग्नल, ना हॉर्न. धडक झाली तर चूक कोणाची धरतात? आणि आमच्यासारख्या नुसत्या बघ्यांनी तिथे काही रीत पाळायची असते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक वेळा वरून आलेल्याची. उतारावर पुढचा म्हणजे खालचा आणि मागचा म्हणजे वरचा. खालच्या माणसाचं लक्ष पायाखालच्या बर्फाकडे असतं. पाठीमागचं त्याला दिसत नाही, आणि हेल्मेट व वाऱ्यामुळे धड ऐकूही येत नाही. वरच्याला मात्र सगळा उतार समोर दिसत असतो. ज्याला दिसतं त्यानं सांभाळायचं, या एका तत्त्वावर तिथला बहुतेक शिष्टाचार उभा आहे.

आपल्या घाटात मागचा हॉर्न वाजवतो आणि पुढच्यानं बाजू द्यावी अशी अपेक्षा धरतो. इथे नेमकं उलट. पुढचा कितीही संथ, कितीही वेडावाकडा चालला असला तरी वाट त्याची. ओव्हरटेक डावीकडून करा की उजवीकडून, त्याला बंधन नाही. पण मध्ये इतकी जागा सोडायची की पुढच्यानं अचानक वळण घेतलं किंवा तोल जाऊन तो आडवा पडला, तरी धक्का लागू नये. अरुंद वाटेवर ‘डावीकडून येतोय’ असं ओरडायची पद्धत आहे. गंमत अशी, की नवशिका त्या आवाजानं दचकतो आणि बरेचदा डावीकडेच वळतो. म्हणून ओरडलं की जबाबदारी संपली, असं होत नाही. स्नोबोर्डवाला तर आडवा उभा असतो, त्यामुळे त्याच्या पाठीकडची बाजू त्याला दिसतच नाही. त्या बाजूनं जाताना अंतर आणखी वाढवायचं.

हे सगळं नुसतं सौजन्य म्हणून सोडून दिलेलं नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं १९६७ साली दहा आचारनियम ठरवले आणि पुढे त्यांत स्नोबोर्डवाल्यांनाही धरलं. तो कुठल्या देशाचा कायदा नव्हे. पण ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडसारख्या देशांतली न्यायालयं निष्काळजीपणा कोणाचा हे ठरवताना हेच नियम मोजपट्टी म्हणून वापरतात. अमेरिकेतही सूत्र तेच आहे. युटा राज्यातल्या डिअर व्हॅलीत २०१६ साली अभिनेत्री ग्विनेथ पॅल्ट्रो आणि एक निवृत्त गृहस्थ यांची टक्कर झाली. त्या गृहस्थांनी तीन लाख डॉलरांहून अधिक भरपाई मागितली. २०२३च्या खटल्यात सगळा वाद एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिला : त्या क्षणी खाली कोण होतं? ज्यूरीनं पॅल्ट्रो यांच्या बाजूनं कौल दिला आणि त्यांनी उलट दाव्यात मागितलेला एक डॉलरही त्यांना मिळाला.

म्हणजे खालच्याला सगळं माफ, असं मात्र नाही. थांबलेला माणूस पुन्हा निघताना, किंवा बाजूच्या वाटेनं मुख्य उतारावर शिरताना, त्यानं आधी वर पाहायचं. दम खायला थांबायचं तर कडेला. उंचवट्याच्या लगेच खाली थांबणं सगळ्यांत धोक्याचं, कारण वरून येणाऱ्याला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. पडलात तर शक्य तितक्या लवकर वाट मोकळी करायची.

अपघात दिसला तर मदतीला थांबणं हाही नियमच आहे. जखमी माणसाच्या थोडं वर दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवतात. ती फुली दिसली की वरून येणारे वेग कमी करतात आणि वळसा घालून जातात. ज्यांचा धडकेशी संबंध आहे त्यांनी, आणि ज्यांनी ती पाहिली त्या साक्षीदारांनीही, आपलं नाव-पत्ता द्यायचा असतो.

लिफ्टच्या रांगेतल्या रीती किरकोळ, पण तिथे चारचौघांत लाज निघते. दुसऱ्याच्या स्कीवर आपली स्की चढवू नये, त्यावर ओरखडे पडतात. खांद्यावर स्की घेऊन गर्रकन वळू नये, मागच्याच्या तोंडावर बसते. खुर्चीत बसल्यावर दांडा खाली घेण्याआधी शेजाऱ्याला सांगावं.

उतार बंद झाल्याची पाटी लागली की त्यावर जायचं नाही, हे युरोपात फार काटेकोरपणे पाळतात. रात्री बर्फ सपाट करणारी यंत्रं तीव्र चढावर पोलादी दोराच्या आधारानं काम करतात. तो ताणलेला दोर अंधारात दिसत नाही आणि जिवावर बेततो.

आता तुमच्यासारख्या बघ्यांचं. पायी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांनी उताराच्या कडेनंच जावं, असा त्या दहांपैकी एक नियम आहे. कारण फक्त धडकेचं नाही. बुटांनी पडलेले खड्डे रात्री गोठून दगडासारखे होतात. दुसऱ्या दिवशी एखाद्याची स्की त्यात अडकली, की गुडघा पिरगळायला तेवढं पुरतं. गुलमर्ग काय किंवा औली काय, नवशिक्यांच्या सौम्य उतारांवरच पर्यटकांची गर्दी होते, आणि ज्याला अजून नीट थांबताही येत नाही असाच माणूस नेमका तुमच्या दिशेनं येत असतो. तेव्हा फोटो काढायचा तर कडेला, वरून लांबूनच दिसाल अशा जागी उभे राहा. उतार ओलांडायचा असेल तर आधी वर पाहा, मगच पाऊल टाका. स्लेजवाला मधूनच ओढत निघाला, तर त्यालाही कडेनं न्यायला सांगा.