आठ वर्षांची गॅप आणि भोसरीचा इंटरव्ह्यू

"ताई, आठ वर्षं घरी होते, हे कसं सांगू?" हा प्रश्न कालपासून किती वेळा विचारलास गं! बघ, ती आठ वर्षं तुझ्या बायोडेटात दिसतायत आणि ते वाचूनच त्यांनी तुला बोलावलंय. "मुलं लहान होती म्हणून थांबले, आता दोघंही शाळेत जातात, घरी सासूबाई आहेत," एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. चेहरा माफी मागितल्यासारखा नको. आणि "घर सांभाळणं हेही मॅनेजमेंटच," हे तर मुळीच म्हणू नकोस. खरं आहे गं, पण समोरच्याने ते याच आठवड्यात दोघी-तिघींकडून ऐकलेलं असतं.

त्यांना धास्ती तुझ्या गॅपची नसते, हिला आजचं काम येतं का याची असते. तू हिशेबाची नोकरी सोडलीस तेव्हा जीएसटी नुकता आला होता आणि तुझा हात बसला होता तो टॅली ईआरपी ९ वर. २०२० च्या अखेरीस टॅली प्राइम आलं, त्याचा पडदा वेगळा दिसतो. घाबरू नकोस, व्हाउचरच्या एफ-कीज बऱ्याचशा त्याच आहेत. भाच्याच्या लॅपटॉपवर फुकटची एज्युकेशनल आवृत्ती टाकून घे. त्यात एंट्री फक्त १, २ आणि ३१ तारखेला टाकता येते. मी अर्धा दिवस तारीख का बदलत नाही म्हणून कीबोर्ड बडवत बसले होते, तू बसू नकोस.

भोसरीच्या त्या छोट्या कारखान्यात "स्वतःबद्दल सांगा" फार तर दोन मिनिटं चालेल. मग साहेब ड्रॉवरमधून बिलं काढून पुढ्यात ठेवतील, "एंट्री सांगा." एक चाकणचं असेल, एक वापीचं. घाई करू नकोस. आधी पुरवठादाराच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघ. २७ म्हणजे महाराष्ट्र, तिथे सीजीएसटी आणि एसजीएसटी. २४ म्हणजे गुजरात, तिथे आयजीएसटी. हे मनातल्या मनात नको, बोलून दाखव. उत्तराइतकंच तू बिल कुठून वाचायला घेतेस तेही ते बघत असतात. दर बदललेत हेही लक्षात ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ चे टप्पे जवळजवळ गेले, आता मुख्य ५ आणि १८, आणि चैनीच्या वस्तूंवर ४०. पूर्वीच्या सवयीने १२ तोंडात आलं की आठ वर्षं एकदम दिसतील.

पुरवठादाराने त्याचं जीएसटीआर-१ भरलं नाही तर ते बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसत नाही आणि त्यावरच्या कराचं क्रेडिट अडकतं. हे तू सोडलंस तेव्हा नव्हतं, म्हणून नीट बघून जा. इतकं करूनही काही अडलंच, तर सरळ सांग, "हे मी अजून केलेलं नाही, दाखवलंत तर लगेच जमेल." गोलगोल बोलणारा माणूस हिशेबाच्या टेबलावर कुणालाच नको असतो.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतील. "नाही सर" म्हणून उठू नकोस! विचार, "उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादारांची यादी वेगळी ठेवता का?" त्यांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. चुकलं तर तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. हा प्रश्न ऐकून मालक खुर्चीत जरा पुढे सरकतो की नाही ते बघ.

"मुलं आजारी पडली तर?" हेही येईलच. राग येतो गं, पुरुषाला हे कुणी विचारत नाही. भरती करताना बाई म्हणून डावलायचं नाही, हे १९७६ पासून कायद्यात आहे. पण तिथे कायदा काढून भांडत बसू नकोस. "सासूबाई आहेत, आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीआर-३बी भरायचं असतं तेव्हा मी सुट्टी घेत नाही," म्हण. विषय पुन्हा कामावर आला.

पगाराचा आकडा तू सांग. "तुम्ही द्याल ते" म्हटलंस तर ते खरंच तेवढंच देतील. पीएफ कापतात का ते विचार आणि तुझा जुना बारा आकडी यूएएन शोधून ठेव, नवं खातं उघडू देऊ नकोस.

कपड्यांचं काय इतकं! तो निळा कॉटनचा ड्रेस, इस्त्री केलेला, बस्स. चपला मात्र रोजच्याच घाल. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी कोऱ्या कोल्हापुरी घालून गेले होते, केबिनच्या दारापासून खुर्चीपर्यंत अशी करकरत गेले की साहेबांनी आधी पंख्याकडे बघितलं.

आणि हो, भोसरीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तू मला बुधवार म्हणालीस आणि बायोडेटामागे पेनाने गुरुवार लिहिलंयस. आत्ताच फोन करून वार पक्का कर बघू, मग बाकीची काळजी कर.