‘शप्पथ, कुणाला सांगू नकोस!’ : मुलांनी मुलांना आधार कसा द्यावा?



मनात काही सलत असलं की मूल मोठ्यांकडे येण्याआधी बऱ्याचदा शेजारच्या बाकावरच्या दोस्ताला सांगतं. म्हणूनच मुलांच्या मदतनीस जोड्या करण्याचा उपक्रम चांगला आहे. पण तो आखताना एक प्रश्न राहून जातो. ऐकलेलं पेलवलं नाही, तर ऐकणाऱ्या मुलाने काय करायचं?

समजा, चौथीतल्या मुलीला मैत्रीण म्हणाली, “मला घरी रोज मारतात. शप्पथ, कुणाला सांगू नकोस.” सांगितलं तर शप्पथ मोडते, वर ‘चुगलखोर’ असा शिक्का बसतो. नाही सांगितलं तर मैत्रीण मार खात राहते. एवढं ओझं त्या मुलीने एकटीने का वाहायचं? म्हणून मदत कुठे थांबते हे मुलांना आधी शिकवायला हवं.

कायदा आणि शासनाची योजना

पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे. मात्र ही शिक्षा बालकाला लागू होत नाही. म्हणजे जबाबदारी आपली, मोठ्यांची.

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी गावातलीच मुलं-मुली ‘साथिया’ म्हणून निवडली जातात. त्यांनी समवयस्कांशी बोलायचं, माहिती द्यायची आणि गरज पडली तर आरोग्य सेवेपर्यंत पोहोचवायचं. उपचार त्यांनी करायचे नसतात. आपल्या वर्गातही हेच सूत्र वापरता येईल.

वर्गात घ्यायचा पाठ (३री ते ५वी, एक तासिका)

साहित्य : तीन टोपल्या, प्रसंगांच्या १२ चिठ्ठ्या.

१. चुगली की मदत? फळ्यावर दोन वाक्यं लिहा. ‘त्याला ओरडा बसावा म्हणून सांगणं म्हणजे चुगली. कुणाचा तरी त्रास थांबावा म्हणून सांगणं म्हणजे मदत.’ उदाहरणं मुलांकडूनच काढून घ्या.

२. तीन टोपल्या : ‘आपण मित्रच सोडवू’, ‘आज मोठ्यांना सांगू’, ‘आत्ताच्या आत्ता सांगू’. “खेळायला घेत नाहीत” ही चिठ्ठी पहिलीत जाईल. “रोज डबा हिसकावतात” दुसरीत. “नको तिथे हात लावतात”, “घरी मारतात”, “मला जगावंसं वाटत नाही” या तिसरीत. मुलांमध्ये वाद झाला तर होऊ द्या, खरं शिकणं तिथेच होतं.

३. तीन वाक्यं जोडीजोडीने म्हणून घ्या : “मी ऐकतोय.” “यात तुझी चूक नाही.” “मी शप्पथ घेत नाही, पण तुझ्यासोबत बाईंकडे येतो.”

उपक्रमात करायचे बदल

• मॉनिटरला हे काम देऊ नका. जो बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, त्याच्याजवळ मन मोकळं होत नाही.
• मदतनीस दोघे असावेत आणि दर महिन्याला बदलावेत.
• आठवड्यातून एकदा मदतनीस मुलांनाच विचारा, “तुम्हाला काही जड वाटतंय का?”
• कुणाकडे जायचं, त्या किमान दोन मोठ्या माणसांची नावं वर्गात लावा. त्रास देणारा त्यातलाच एक असेल, तर दुसरा रस्ता उघडा हवा.
• शेजारी १०९८ हा क्रमांक ठळक लिहा. संकटातल्या मुलांसाठीची ही हेल्पलाइन २४ तास, मोफत आहे. मन खचलं असेल तर टेली-मानस, १४४१६.

पालकांसाठी

मूल दुसऱ्या मुलाचं दुःख सांगायला आलं की आपण पटकन म्हणतो, “तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?” मग ते पुढच्या वेळी स्वतःचंही सांगत नाही. त्याऐवजी म्हणा, “सांगितलंस ते बरं केलंस. आता पुढचं आम्ही बघतो.” आणि ते खरंच बघा. गल्लीत मात्र त्याची चर्चा करू नका.

पाठ घेतल्यावर मुलांनी कोणत्या चिठ्ठ्या चुकीच्या टोपलीत टाकल्या ते वहीत टिपून ठेवा. पुढचा पाठ तिथून सुरू करता येईल.