‘मेक’ : स्वयंचलित कामांची शिस्त

संगणकाची मोठी आज्ञावली अनेक फाइलींत विभागून लिहिलेली असते. एका फाइलीत दुरुस्ती केल्यास ती पुन्हा यंत्रभाषेत रूपांतरित करून इतर भागांशी जोडावी लागते. ही पायरी राहून गेल्यास दुरुस्त केलेली चूकही कायम असल्यासारखी दिसते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ अशाच निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात वाया गेली. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी तोच अनुभव आला होता. त्यातून फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले.

‘मेक’च्या यादीत प्रत्येक कामाच्या तीन बाबी नमूद करावयाच्या असतात : काय तयार करावयाचे, ते कशावर अवलंबून आहे आणि कोणत्या आज्ञेने तयार होते. ‘मेक’ फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते आणि मूळ फाइल तयार फाइलीहून नवी असेल तेथेच काम पुन्हा करते. त्यामुळे वेळही वाचतो.

मात्र यादीतून एखादे अवलंबन सुटले, तर जुनीच फाइल ताजी समजली जाते आणि पूर्वीचा घोटाळा पुन्हा उद्भवतो. यास्तव आज्ञावलीत नवी फाइल समाविष्ट होताच यादीत तिची नोंद त्याच वेळी करणे अगत्याचे आहे.