कैलासची परिक्रमा आणि उंचीचा आजार

तिबेटमधील कैलास पर्वताची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची आहे. तिबेटी बौद्ध तिला 'कोरा' म्हणतात. यात्रेकरूंचे गट ती साधारण तीन दिवसांत करतात. वाटेतली डोलमा खिंड ५,६०० मीटरहून उंच आहे. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्माच असतो.

अशा उंचीवर डोके दुखणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही आजाराची पहिली लक्षणे. तेव्हा पुढे चढू नये, तिथेच विसावा घ्यावा. बसल्या जागी दम लागला, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला खाली उतरवावे. उशीर जिवावर बेततो. प्राणवायूचा सिलिंडर उपयोगी पडतो, पण उतरणे हाच खरा उपाय.

धडधाकट तरुणालाही हा आजार होतो. "माझ्यामुळे गट थांबेल" या संकोचाने त्रास लपवू नका. वाटाड्याला लगेच सांगा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

आणखी एक गोष्ट. विदर्भातील आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. एरवी काहीच त्रास नसलेल्या वाहकाच्याही प्लीहेला अशा उंचीवर इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येते. म्हणून नाव नोंदवण्याआधी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या. पर्वत कुठे जात नाही; आधी जीव सांभाळा.