शेवटच्या विहिरीचे वर्गसमीकरण

वर्गसमीकरणाशी आपला संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला, असे कला शाखेतील आपण बहुतेकजण धरून चालतो. सूत्रात किमती घालायच्या, दोन मुळे काढायची, वय किंवा लांबी ऋण आली तर ते उत्तर खोडायचे. आणि विवेचकच ऋण आला, तर 'वास्तव मुळे नाहीत' असे लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. या शेवटच्या वाक्याला व्यवहारात काही अर्थ असतो, असे वर्गात कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. तो अर्थ शेतातल्या पंपाच्या संदर्भात मला सापडला, म्हणून हा लेख.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी विहिरीवर मोटार आहे. डीपीजवळच्या शेतकऱ्याची मोटार नीट चालते. लांबच्या, शेवटच्या विहिरीवरची मात्र नुसती गुरगुरते आणि हंगामात एकदा तरी जळते. मग ती तालुक्याला न्यायची, वाइंडिंग भरून आणायची, आणि तोपर्यंत पीक वाळताना पाहायचे. दोष बहुधा मोटारीला किंवा नशिबाला दिला जातो. वायरीचा हिशेब क्वचितच कोणी करतो, आणि तो दहावीच्या बीजगणिताने होण्यासारखा आहे.

जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली आपला नियम पुस्तकरूपाने मांडला. वायरीत खर्ची पडणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले वायरीचा रोध, एवढाच तो नियम. आता एक उदाहरण घेऊ. विहीर मीटरपासून २५० मीटरवर आहे. वीज जाऊन परत यावी लागते, म्हणून वायरीची लांबी धरायची ५०० मीटर. दुकानात जिला 'दीड एमएम' म्हणतात (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची), त्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. आपल्या वायरीचा झाला ६ ओहम. पंप दीड अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे १,१२० वॅटचा. मोटारीची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिला १,६०० वॅट पुरवावे लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दाब कमी झाला की दिवा मंद होतो आणि प्रवाहही कमी घेतो. मोटारीचे तसे नसते. तिला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. म्हणून दाब घटला की ती प्रवाह वाढवून काम पुरे करू पाहते. प्रवाह वाढला की वायरीत आणखी दाब हरवतो, आणि तो हरवला की मोटार आणखी प्रवाह मागते. कर्जाचे व्याज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे, तसलाच हा प्रकार.

प्रवाह क्ष अँपिअर मानू. वायरीत ६क्ष व्होल्ट गेले. मोटारीला उरले २३० − ६क्ष. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार १,६०० व्हायला हवा:

क्ष(२३० − ६क्ष) = १६००
म्हणजेच ६क्ष² − २३०क्ष + १६०० = ०

विवेचक ५२,९०० − ३८,४०० = १४,५००. त्याचे वर्गमूळ सुमारे १२०.४. मुळे दोन: ९.१ आणि २९.२ अँपिअर. दोन्ही धन आहेत, तेव्हा खोडायचे कोणते? पहिले घेतले तर मोटारीला १७५ व्होल्ट मिळतात आणि ५५ वायरीत जातात. दुसरे घेतले तर बरोबर उलट: मोटारीला ५५, वायरीला १७५. गुणाकार दोन्हीकडे तोच! पण ५५ व्होल्टवर मोटार फिरूच शकणार नाही, म्हणून पहिले मूळ खरे. हा निर्णय सूत्र देत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो.

आता पेरणीनंतरचे दिवस घ्या. सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या आणि मीटरवरच १९० व्होल्ट राहिले. विवेचक होतो ३६,१०० − ३८,४००, म्हणजे उणे २,३००. वास्तव मुळे नाहीत! याचा अर्थ, कितीही प्रवाह घेतला तरी या वायरीतून १,६०० वॅट विहिरीपर्यंत पोचणे शक्य नाही. मोटारीला हे गणित कोण सांगणार? ती प्रवाह वाढवत जाते, वेग हरपतो, अखेर अडकते. अडकलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते आणि वाइंडिंग तापून जळते. ही सीमारेषाही काढता येते: दाबाचा वर्ग ३८,४०० च्या खाली गेला, म्हणजे दाब १९६ व्होल्टच्या खाली आला, की उत्तर संपले.

खरी मोटार इतकी नेमाने वागत नाही, सीमारेषेच्या बऱ्याच आधी अडते. शिवाय पॉवर फॅक्टर मी सोडून दिला आहे. तो धरल्यास चित्र बिघडतेच, सुधारत नाही.

याच ठिकाणी चार एमएमची तांब्याची वायर टाकली तर रोध सुमारे २.३ ओहम. १९० व्होल्टलाही विवेचक २१,३८० येतो आणि मोटारीला १६८ व्होल्ट मिळतात. फार चांगले नव्हे, पण समीकरणाला उत्तर आहे. मीटरवर २३० असतील तर तिला २१३ मिळतात. स्वस्त पडते म्हणून अनेकजण ॲल्युमिनियमची वायर घेतात. तिचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट, म्हणून ॲल्युमिनियमची चार ही तांब्याच्या अडीचएवढीच. १९० व्होल्टला मोटारीपाशी १५१ उरतात. वायर घ्यायला जाण्यापूर्वी अंतर टेपने मोजावे, त्याची दुप्पट करावी आणि र ची किंमत काढून ४ × र × १६०० हा गुणाकार करून पाहावा. आपल्या मीटरवर संध्याकाळी दिसणाऱ्या दाबाचा वर्ग त्याच्याहून भरपूर मोठा नसेल, तर पुढच्या जाडीची वायर मागावी.